खोलीतले कासव आणि रूम पार्टनर

हिंजवडीचे जुने शिवार आता ओळखू येत नाही. राजीव गांधी इन्फोटेक पार्कभोवती, माण, मारुंजी, वाकडपर्यंत भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत. मराठवाडा-विदर्भातून आलेली आपली मुले तिघे-चौघे मिळून एक खोली घेतात व डिपॉझिट वाटून भरतात. अशा खोलीत एखादा मुलगा एके दिवशी रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, हिरवे कासव घेऊन येतो. गाव सुटलेले, पाळी रात्रीची, जीव लावायला कोणी नाही. त्याच्या मनाची ओढ समजण्यासारखी आहे. पण बाकीच्यांना पाण्याचा वास येतो, किळस वाटते, आणि घरमालकाला कळले तर काय, ही धास्ती असते ती वेगळीच.

ही धास्ती खोटी नाही. आडनाव ऐकून खोली नाकारल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या गाठीशी आहे. मिळालेली खोली एका प्राण्यापायी गेली, किंवा एक सोबती निघून गेला, तर त्याच्या वाट्याचे भाडे उरलेल्यांच्या पगारातून जाते आणि गावी पाठवायचे पैसे कमी होतात.

म्हणून आणण्यापूर्वी प्राणी कोणता, हे पाहावे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले देशी कासव ‘भाग्याचे’ म्हणून चोरून विकले जाते. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, आणि गुन्हाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हे कासव येते. शिक्षा किमान तीन ते सात वर्षांपर्यंत कैद व वर दंड. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणेही बेकायदाच. पोलीस पडताळणीवर ज्याची नोकरी टिकते, त्याने हा धोका पत्करू नये. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी प्राण्यांची नोंदणीही २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते.

दुकानात मिळणारे लाल कानपट्टीचे कासव मूळचे अमेरिकेचे. ते लहानच राहते, हा समज चुकीचा आहे. त्याची मादी फूटभर लांब होऊ शकते आणि ते वीस-तीस वर्षे जगते. त्याला मोठी टाकी, पाणी गाळण्याचे यंत्र व अंग शेकायला कोरडी, उन्हाची जागा लागते. नुसत्या सुक्या कोळंबीवर त्याचे कवच मऊ पडते.

आरोग्याचेही पाहावे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यातून जुलाब व ताप येतो. याच कारणाने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणून टाकी स्वयंपाकाच्या मोरीत कधीही धुऊ नये. हात लावल्यावर साबणाने धुवावेत.

एवढे करूनही ठेवायचेच असेल, तर आधी सर्वांना एकत्र बसवून विचारावे. एकानेही नको म्हटले तर ते मान्य करावे. कोणाच्या भीतीची थट्टा करू नये. सगळे तयार असतील तर घरमालकाची परवानगी घ्यावी. टाकी कोण धुणार, विजेचा जादा खर्च कोण देणार, दिवाळीला गावी गेल्यावर खाणे कोण घालणार, हे एका कागदावर लिहून ठेवावे. काम अर्थातच आणणाऱ्याचे.

आणि नकोसे झाले म्हणून कासव मुळा किंवा पवनेत सोडू नये. जगातील शंभर घातक उपऱ्या जातींत त्याची गणना होते. देशी कासवांचे खाणे व जागा ते बळकावते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, सांभाळू शकेल अशा माणसाच्या हाती ते द्यावे. देशी वन्यप्राणी कोणाच्या खोलीत आढळला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

गावाकडच्या आईबापांनीही मुलाला फोनवर पगाराबरोबर एवढे विचारावे, की खोलीत कोण कोण राहते आणि सगळ्यांचे पटते का. करमत नाही म्हणून प्राणी आणणाऱ्या पोराला आधी कोणीतरी बोलणारे हवे असते.