हातोड्यावरची खूण

आपणांपैकी बहुतेकांच्या घरी एखादा हातोडा असतो. भिंतीत खिळा ठोकण्यापुरती त्याची आठवण होते, आणि मग तो पुन्हा फळीवर जातो. आज घरी गेल्यावर तो उजेडात धरून पाहावा. त्याच्या गालावर बहुधा एखादे नाव, दोन अक्षरे किंवा एखादे चिन्ह उमटलेले दिसेल. ही खूण कशासाठी असते, ती कशी करतात आणि ती नेमकी कोणाची असते, या तीन प्रश्नांपुरतेच माझे आजचे बोलणे आहे. विषय लहान आहे. पण कष्ट करणाऱ्या माणसाच्या नावाचा प्रश्न त्याच्या पोटात आहे, म्हणून तो मी निवडला.

हातोडा दिसतो तितका साधा नसतो. लोहाराच्या हातोड्याचे तोंड अगदी सपाट नसते. ते मध्ये किंचित फुगीर असते आणि त्याच्या कडा गोल केलेल्या असतात. कडा तीक्ष्ण राहिल्या तर त्या तापल्या लोखंडात रुतून खाचा पाडतात, आणि एखादे दिवशी त्यांचीच कपची उडते. दुसऱ्या बाजूला निमुळती चोच असते. लोखंड एकाच दिशेला पसरवायचे असेल तेव्हा तिचा उपयोग. दांडा ज्यात बसतो ते नेढे मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांशी रुंद असते. दांडा घालून वरून पाचर मारली की लाकूड फुगते आणि डोके निसटत नाही. तोंडाला पाणी दिलेले असते, म्हणजे ते तापवून एकदम थंड करून कडक केलेले असते. मात्र नेढ्याभोवतीचा भाग मुद्दाम मऊ ठेवतात, नाहीतर तो तडकेल. आता गंमत अशी, की यांतले बहुतेक गुण दुकानात डोळ्यांना दिसत नाहीत. हातोडा चांगला की वाईट हे कळते तो वापरल्यावर, आणि कधी कधी तो फुटल्यावर.

आपल्या खेड्यातल्या लोहाराला खुणेची गरज नव्हती. बलुतेदारीच्या व्यवहारात कुणब्याचा फाळ मोडला तर तो कोणी केला हे गावाला ठाऊक असे. कुणबी उठून थेट भात्यापाशी जाई आणि चार शब्द सुनावी. खुणेची गरज लागते ती माल अनोळखी माणसाच्या हाती जाऊ लागला म्हणजे. इंग्लंडात १३६३ साली प्रत्येक सोनाराने मालावर स्वतःची खूण उमटवावी असा कायदा झाला. त्याचा हेतू सोनाराचा गौरव करण्याचा नव्हता. चांदी हिणकस निघाली तर धरायचे कोणाला, हे राज्यकर्त्यांना कळायला हवे होते. तेव्हा खुणेचा जन्म अभिमानातून झाला असे आपण समजतो ते अर्धेच खरे. आधी जबाबदारी आली, अभिमान तिच्या मागून आला.

लोखंडकामात या पद्धतीची नामांकित जागा म्हणजे शेफील्ड. चाकू, विळे आणि कात्र्या करणाऱ्यांची तेथील कंपनी १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. उमेदवारी संपवून कंपनीचा सभासद झालेल्या कारागिराला आपली खूण नोंदवून मिळे, आणि दुसऱ्याची खूण मारणे हा गुन्हा होता. पुढे या खुणांना एवढी किंमत आली की परदेशी पात्यांवर शेफील्डचे नाव उमटवून ती विकली जाऊ लागली. अशा तक्रारींमधून १८८७ चा कायदा झाला आणि परक्या मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. ‘जर्मनीत बनलेले’ हे शब्द जर्मन मालाला कमीपणा यावा म्हणून होते. थोड्याच वर्षांत लोक ते शब्द पाहून माल घेऊ लागले! आपल्याकडेही १८८९ साली खोट्या खुणांविरुद्ध कायदा आला, आणि त्या वाटेवर पुढे १९५८ आणि १९९९ चे कायदे झाले.

आता ठसा कसा करतात ते सांगतो. बोटाएवढ्या जाडीचा, दहा-बारा सेंटिमीटर लांबीचा चांगल्या पोलादाचा तुकडा घ्यावा. तो लाल तापवून राखेत पुरावा आणि रात्रभर सावकाश निवू द्यावा, म्हणजे कानस चालेल इतका मऊ होतो. एक टोक घासून सपाट आणि चकचकीत करावे. त्यावर अक्षर काढायचे ते आरशात दिसते तसे उलटे. ‘व’ काढायचा तर त्याची उजवीकडची उभी रेघ डावीकडे जाते. पहिल्या प्रयत्नात पुष्कळजण येथेच फसतात. ‘व’च्या पोटातली पोकळी कोरत बसण्यापेक्षा दुसऱ्या लहान ठशाने ठोकून आत दाबणे सोपे. मग अक्षराबाहेरचे पोलाद कानशीने घासून काढायचे. अक्षराच्या बाजू उभ्या कड्यासारख्या ठेवू नयेत, उतरत्या ठेवाव्यात. म्हणजे अक्षराला बळ राहते आणि ठसा चटकन सुटतो. मधूनमधून दिव्याच्या काजळीवर धरून तो कागदावर दाबून पाहावा. चूक कागदावर दिसली तर सुधारता येते.

अक्षर मनासारखे झाले की टोकाला पाणी द्यायचे. चुंबक चिकटेनासा होईपर्यंत, आणि त्याहून किंचित अधिक, तापवून ते टोक तेलात बुडवतात. आता ते कडक झाले, पण काचेसारखे ठिसूळही झाले. म्हणून घासून चकचकीत करून पुन्हा हलके तापवतात. सुमारे २३० अंशांना पोलादावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, पुढे तपकिरी, आणि २८० च्या आसपास जांभळा. पिवळा-तपकिरी दिसला की थांबावे. ठशाचे दुसरे टोक, ज्यावर घाव पडतो ते, कधीही कडक करू नये. कडक पोलादावर कडक हातोडा पडला की कपची उडालीच म्हणून समजा.

हातोड्यावर खूण मारायची ती त्याला पाणी देण्यापूर्वी, लोखंड लाल असताना, नेढ्यापासून दूर, गालावरच्या जाड जागी. घाव एकच आणि नेमका. दुसरा मारला तर अक्षराची सावली उमटते. ठसा ताबडतोब उचलून पाण्यात बुडवावा, नाहीतर तापल्या हातोड्याची धग लागून त्याची धार मऊ पडते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. तीस वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यात मी भट्टीवर होतो. तेथे मालकाच्या नावाचा एक जुना ठसा होता. घाव खाऊन खाऊन त्याचे डोके फुलले होते, कडा छत्रीसारख्या बाहेर वळल्या होत्या. एके दिवशी त्यातली कपची उडाली आणि माझ्या सोबत्याचा डावा डोळा गेला. वळलेल्या कडा घासून काढायला दोन मिनिटे पुरली असती. डोळ्यांच्या संरक्षणाचे कलम १९४८ च्या कारखाने कायद्यात होते. चष्मा कारखान्यात नव्हता. चौकशी झाली. पेटीतल्या प्रत्येक हातोड्यावर मालकाचे नाव स्वच्छ उमटलेले होते. पण तो ठसा कोणी दिला, शेवटचा कोणी तपासला, याची कोठेही नोंद नव्हती. कागदावर लिहिले गेले: कामगाराचा निष्काळजीपणा.

शेफील्डचीही कथा निराळी नाही. तेथील एक चाकू घडवणाऱ्याच्या, शाणेवर घासणाऱ्याच्या आणि मूठ बसवणाऱ्याच्या, अशा तीन हातांतून जाई, आणि खूण पडे एका पेढीची. रॉजर्स पेढीचा तारा आणि क्रूस जगभर ओळखला गेला. शाणेच्या दगडाची धूळ छातीत जाऊन शेफील्डचे शाणवाले अकाली मेले, त्यांची खूण कोणत्या पात्यावर होती? आपल्याकडचे उदाहरण घ्या. मुंबईचे निर्णयसागर मुद्रणालय १८६९ साली जावजी दादाजींनी काढले, आणि त्याच्या देखण्या देवनागरी टाइपाची कीर्ती सर्वत्र झाली. ती अक्षरे पोलादात उलटी कोरणारे राणोजी रावजी आरू. ही ठसे करण्याचीच कला. निर्णयसागर आपण ऐकलेले असते. आरूंचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

मालकाने खूण मारू नये असे माझे म्हणणे नाही. जो खुणेचा नफा घेतो, त्याने तिची जबाबदारीही घ्यावी, आणि ती गिऱ्हाइकापुरती न ठेवता ठसा धरणाऱ्या हातापर्यंत न्यावी, एवढेच. त्या प्रसंगानंतर आमच्या मागणीपत्रात मी एक कलम नेहमी घालीत आलो आहे: कामगाराला दिलेल्या प्रत्येक हत्यारावर क्रमांक असावा, आणि ते कोणी, कोणत्या तारखेला तपासले याची वही असावी. पगारवाढीच्या आकड्यांपुढे हे कलम किरकोळ वाटते. वाटाघाटीत तेच आधी सोडून द्या म्हणणारे आमच्यातही निघतात. मी ते सोडीत नाही.

घरी हातोडा हातात घ्याल तेव्हा खूण तर पाहाच, पण डोके दांड्यावर हलते का तेही पाहा. शेजारी छिन्नी असेल आणि तिचे डोके फुलले असेल, तर ती वापरण्याआधी कडा कानशीने घासून घ्या.