मणिपूर : सुई दिसली, संसार दिसला नाही

म्यानमार सीमेवरच्या मोरेमार्गे हेरॉईन मणिपुरात पसरलं ते १९८० च्या दशकात. तिथे त्याला ‘नंबर फोर’ म्हणतात. माल सहज मिळे, सिरिंजची मात्र टंचाई. मग शाईच्या ड्रॉपरला सुई जोडायची आणि तीच सगळ्यांनी टोचून घ्यायची. १९८९ च्या सप्टेंबरपर्यंत सुईने नशा करणाऱ्या या तरुणांच्या रक्तात एचआयव्ही आढळला नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत जवळपास निम्म्यांना लागण झाली.

सुरुवातीला सगळ्यांनी भीतीपोटी हात उगारला. पोरांना तुरुंगात डांबलं गेलं, बंडखोर गटांनी गोळ्या घातल्या. १९९१ मध्ये इम्फाळात व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच ‘सासो’ ही संस्था उभी केली. १९९६ मध्ये मणिपूरने स्वतःचं एड्स धोरण आणलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. निर्जंतुक सुया वाटण्याचं धाडस तिथे लवकर झालं, याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण ही पोरं लग्नाच्या वयाची होती. लग्नं झाली, व्यसन लपलं, तपासणीचा निकालही लपला. नवऱ्याकडे कंडोमचा आग्रह धरायचा तर संशय घेतल्यासारखं होई. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सुईतून लागण झालेल्या पुरुषांच्या ४५ टक्के बायका बाधित आढळल्या. त्यांनी स्वतः कधी सुई टोचून घेतली नव्हती.

स्वतः नशा करणाऱ्या बायकांची कोंडी त्याहून मोठी. जोडीदार आधी टोचून घेतो, त्याने वापरलेली सुई तिच्या वाट्याला. हेरॉईनच्या पुड्यांसाठी शरीर विकावं लागलं, तर नशा न मिळाल्याने अंगात कळा असताना ती गिऱ्हाईकाला कंडोम वापरायला कसं लावणार? गुप्तरोग अंगावर काढले जातात आणि त्यांमुळे एचआयव्हीचा धोका आणखी वाढतो. व्यसनमुक्ती केंद्रं मात्र बहुतांशी पुरुषांसाठीच उघडली गेली.

२००४ मध्ये एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मोफत मिळू लागली, तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्राबरोबर मणिपूरही होतं. पुढे हेरॉईनऐवजी द्यायची, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी कार्यक्रमात आली. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने सुया वाटणाऱ्यांना संरक्षण दिलं. तरीही शेजारच्या मिझोराममध्ये आज प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण अडीच टक्क्यांवर आहे, आणि तिथे लैंगिक संबंधांतून होणारी लागणच जास्त.

म्हणून नव्या सुईबरोबर कंडोम, गुप्तरोगाचे उपचार आणि जोडीदाराची तपासणी एकाच ठिकाणी, एकाच वेळी मिळायला हवी. बायकांसाठी वेगळी केंद्रं हवीत. एड्सने नवरे गेलेल्या मणिपूरच्या विधवांनी या धड्याची किंमत आधीच मोजली आहे. ती दुसऱ्या राज्यातल्या बायकांना पुन्हा मोजायला लावणं हा अन्याय ठरेल.