हसण्याचा रोख कुणाकडे?

युद्धाच्या चित्रपटात रणांगण दिसणार, तोफा धडाडणार, शेवटी कुणीतरी टेकडीवर झेंडा रोवणार, असं प्रेक्षक धरूनच चालतो. रॉबर्ट ऑल्टमन यांच्या ‘मॅश’ या १९७० सालच्या अमेरिकी चित्रपटात यातलं काही घडत नाही. लढाई कुठेतरी डोंगरांपलीकडे चालू असते आणि तिथून हेलिकॉप्टरच्या दोन्ही अंगांना बांधलेल्या स्ट्रेचरवरून जखमी येत राहतात. ते उतरवून घ्यायचे, तंबूतल्या टेबलावर ठेवायचे, रक्त थांबवायचं, पोट किंवा छाती उघडायची, टाके घालायचे आणि पुढच्याला घ्यायचं. काळ कोरियन युद्धाचा, म्हणजे १९५० ते १९५३ चा. जागा ४०७७ क्रमांकाचं लष्कराचं फिरतं शस्त्रक्रिया रुग्णालय. हॉकआय पिअर्स (डोनल्ड सदरलँड), ट्रॅपर जॉन (एलियट गूल्ड) आणि ड्यूक फॉरेस्ट (टॉम स्केरिट) हे तिथले सर्जन. हातमोजे उतरले की ते दारू पितात, वरिष्ठांची टर उडवतात, जीव द्यायला निघालेल्या दंतवैद्याच्या निरोपासाठी ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रासारखी पंगत मांडतात. कशाचाच मान न ठेवणारा चित्रपट अशी ‘मॅश’ची ख्याती आहे. मला ती अर्धीच खरी वाटते. एका गोष्टीचा मान हा चित्रपट कटाक्षाने ठेवतो: टेबलावर आडव्या पडलेल्या माणसाचा. कशाची थट्टा करायची आणि कशाची नाही, या एका भेदावर चित्रपटाचा सारा युद्धविरोध उभा आहे.

मराठी प्रेक्षकाच्या मनातला युद्धावरचा डॉक्टर फार वेगळा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपखुशीने चीनला गेले, जखमींची सेवा करत १९४२ मध्ये तिथेच वारले, आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावरच्या चित्रपटात स्वतः त्यांची भूमिका केली. त्या कथेत भक्तिभाव शोभतो, कारण ते जाणं त्या माणसाने स्वतः ठरवलेलं होतं. ‘मॅश’मधल्या सर्जनांना कुणी विचारलेलं नाही. कोरियात युद्ध पेटल्यावर अमेरिकेने १९५० मध्ये डॉक्टरांच्या सक्तीच्या भरतीचा कायदा केला आणि अनेक तरुण डॉक्टर अंगावर गणवेश चढवून थेट या तंबूंत येऊन पडले. त्यांचं काम मात्र अव्वल होतं. दुसऱ्या महायुद्धात रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या अमेरिकी जखमींपैकी साधारण ४.५ टक्के दगावले होते. कोरियात हे प्रमाण २.५ टक्क्यांच्या आसपास आलं. रक्तवाहिनी फाटलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा हात किंवा पाय पूर्वी कापावा लागे. कोरियात ती शिवण्याचं तंत्र रुळलं आणि हा आकडा सुमारे १३ टक्क्यांवर उतरला. (भारतानेही या युद्धात लढाऊ सैन्य न पाठवता ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी पाठवली होती.) ज्या कादंबरीवरून चित्रपट निघाला, ती १९६८ मध्ये रिचर्ड हुकर या टोपणनावाने लिहिणारे रिचर्ड हॉर्नबर्गर अशाच एका फिरत्या रुग्णालयात सर्जन होते. हातातलं कसब जीव वाचवतं आणि खांद्यावरचा हुद्दा काहीच वाचवत नाही, हे रोज पाहणाऱ्या माणसाला सलाम ठोकणं जड जाणारच. ‘मॅश’मधला उद्धटपणा तिथून येतो.

तो उद्धटपणा कुठे थांबतो, ते मेजर फ्रँक बर्न्सच्या प्रसंगात कळतं. बर्न्स गुडघे टेकून प्रार्थना करणारा, शिस्तीचा भोक्ता, आणि सर्जन म्हणून सुमार. त्याच्या हातून एक जखमी जातो तेव्हा तो शेजारी उभ्या असलेल्या कोवळ्या मदतनिसावर त्या मृत्यूचं खापर फोडतो. पोरगा ते खरं मानून कोसळतो. ट्रॅपर जॉन हे पाहतो आणि पुढे संधी मिळताच बर्न्सच्या तोंडावर ठोसा लगावतो. चित्रपटभर थट्टा करणारा हा माणूस इथे थट्टा करत नाही. शस्त्रक्रियेच्या दृश्यांतही हेच दिसतं. डॉक्टर आणि नर्स एकमेकांच्या बोलण्यावर बोलत असतात, निम्मे शब्द प्रेक्षकाला नीट ऐकूही येत नाहीत, चावट शेरे चालू असतात. पण जखमीच्या जखमेवर विनोद होत नाही आणि हात एक क्षणही थांबत नाहीत. ऑल्टमन यांनी या दृश्यांत रक्त झाकलं नाही. छावणीच्या ध्वनिक्षेपकावरून होणाऱ्या एखाद्या भोंगळ घोषणेला हसून आपण तोंड मिटतो न मिटतो तोच पुढचं चित्र लाल असतं.

यावर पहिला आक्षेप असा की, हे डॉक्टर युद्धाविरुद्ध करतात तरी काय? ते जवानांना शिवून पुन्हा आघाडीवर जाण्याजोगे करतात, म्हणजे यंत्राला तेलच घालतात. आणि त्यांची थट्टा लष्कराला परवडते, कारण ते कामाचे आहेत. आक्षेपात तथ्य आहे, आणि चित्रपटही ते लपवत नाही. त्यांच्या तंबूत काम करणाऱ्या हो-जॉन या कोरियन मुलाला सैन्यभरतीतून सोडवण्यासाठी ते त्याला औषध देऊन आजारी भासवतात. तपासणारा कोरियन डॉक्टर ही चलाखी ओळखतो आणि मुलाला ठेवून घेतो. युद्धाला थेट नख लावण्याचा त्यांचा हा प्रयत्न साफ फसतो. शेवटी हॉकआय आणि ड्यूकला घरी परतण्याचा हुकूम येतो तेव्हाही युद्ध संपलेलं नसतं. चोरलेल्या ज्या जीपमधून ते छावणीत आले होते, तिच्यातूनच निघून जातात. १९७० च्या प्रेक्षकाला हे कळायला कोरियाचा इतिहास लागत नव्हता. व्हिएतनाममधून शवपेट्या येत होत्या, अमेरिकी सैनिकांनी तिथल्या माय लाय गावात केलेल्या हत्याकांडाची बातमी फुटून काहीच महिने झाले होते. पटकथाकार रिंग लार्डनर ज्युनियर यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे राजकीय मतांबद्दल उत्तर द्यायचं नाकारून तुरुंगवास आणि काळी यादी भोगली होती. ऑल्टमन यांनी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानं चालवली होती. सत्ता आणि युद्ध दोन्ही जवळून पाहिलेल्या या माणसांनी वीरांची गोष्ट सांगायचं नाकारलं. त्याच वर्षी त्याच ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने एका सेनापतीवरचा ‘पॅटन’ही काढला. सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर ‘पॅटन’ने नेलं, ‘मॅश’ला पटकथेचं एकच मिळालं, कान महोत्सवातला सर्वोच्च सन्मान मात्र ‘मॅश’कडे गेला.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मुख्य परिचारिका मार्गारेट हूलिहान (सॅली केलरमन) हिची चित्रपट दोनदा जाहीर विटंबना करतो. बर्न्सबरोबरचा तिचा एकांत मायक्रोफोन लपवून साऱ्या छावणीला ऐकवला जातो. पुढे ती आंघोळ करत असताना खुर्च्या मांडून बसलेल्या जमावासमोर तंबूची कनात पाडली जाते. ती हुद्द्याचा तोरा मिरवणारी आहे, म्हणून तिची जिरवली, असं समर्थन केलं जातं. ते टिकत नाही. बर्न्सला ठोसा बसला तो मेलेल्या जखमीवरून. हूलिहानच्या हातून कुणी दगावलेलं नाही, उलट ती उत्तम नर्स आहे हे ट्रॅपरलाही मान्य आहे. तिच्या अधिकाराला धक्का देण्यासाठी तिचं शरीर उघडं पाडलं जातं. म्हणजे ज्या शरीराचा मान ठेवणं हा या चित्रपटाचा एकमेव धर्म, तोच इथे मोडतो. हॉकआय आणि ट्रॅपर मध्येच जपानला जातात, तिथला प्रसंगही असाच दुभंगलेला आहे. एका तान्ह्या स्थानिक बाळावर नियम मोडून शस्त्रक्रिया करताना हॉकआय आणि ट्रॅपर मनापासून आवडतात. पण आड येणाऱ्या कर्नलला गप्प करण्यासाठी ते त्याला बेशुद्ध करून एका वेश्येबरोबर त्याची छायाचित्रं काढतात, आणि त्या बाईचा विचार कुणीच करत नाही. तो काळच तसा होता, हे म्हणणं मला पळवाट वाटतं. तंबू पडल्यानंतर संतापाने रडत आपल्या वरिष्ठाला जाब विचारणारी हूलिहान याच चित्रपटात आहे, आणि केलरमन यांनी तो प्रसंग इतक्या पोटतिडकीने केला आहे की त्या वेळी हसू येत नाही.

चित्रपटावरून निघालेली दूरचित्रवाणी मालिका १९७२ ते १९८३ अशी २५१ भाग चालली, म्हणजे मूळ युद्धाच्या तिप्पटीहून अधिक काळ. तिच्यात लोरेटा स्विट यांनी साकारलेली हूलिहान हळूहळू पूर्ण माणूस झाली. सहकाऱ्यांनी तिला ठेवलेलं टवाळीचं नाव मागे पडून ती त्यांच्यासाठी मार्गारेट झाली. मालिका चित्रपटाइतकी धारदार नव्हती, पण हसण्याची हद्द तिच्या निर्मात्यांना नेमकी उमगली होती. विनोदी मालिकेला ध्वनिमुद्रित हशा जोडलाच पाहिजे, असा सीबीएस वाहिनीचा आग्रह होता. निर्मात्यांनी तो मानला, पण एक अट घालून: शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा वाजणार नाही.