शेतीकामात दिव्यांगांना सामावून घ्या

मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत हात गमावलेला एखादा माणूस आपल्या माहितीत असेल. कोणी जन्मतः कर्णबधिर असतो, कोणाला चालता येत नाही. अवयव गेला तरी शेतीची जाण जात नाही. तरीही असा माणूस ओसरीवर बसून राहतो आणि मजूर मिळत नाहीत म्हणून आपण अडून राहतो. कोरेगाव तालुक्यातील घेवडा व आले या पिकांत त्यांना चांगले काम देता येते.

कामाचे भाग पाडा

संपूर्ण काम एकाच माणसावर न सोपवता त्याचे टप्पे करावेत व ज्याला जमेल तो टप्पा त्याला द्यावा.

१) घेवडा : मळणीनंतर फुटके, सुरकुतलेले व डागी दाणे वेचणे हे बसून करण्याचे काम आहे. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी सुमारे अडीच फूट उंचीचे, खालून मोकळे टेबल ठेवावे.

२) आले : लागवडीपूर्वी २५ ते ५० ग्रॅम वजनाचे, दोन-तीन डोळ्यांचे निरोगी बेणे निवडणे व कुजके कंद बाजूला काढणे.

३) भुईमूग : शेंगा फोडण्याचे काम अंध व्यक्ती हाताच्या स्पर्शाने करू शकते.

कर्णबधिर मजुराला चालू यंत्रामागे उभे करू नये. थांबण्याची खूण हाताने ठरवून घ्यावी. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला एका वेळी एकच कृती करून दाखवावी. पहिले दहा-पंधरा दिवस अनुभवी मजूर सोबत द्यावा. वजनावर मजुरी असल्यास दर सर्वांना सारखाच ठेवावा.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील मोरे येथे नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने दिव्यांगांसाठी काजू प्रक्रियेचा उद्योग उभा राहिला. शेतमालावरील कामे दिव्यांग करू शकतात, हे तेथे दिसून आले.

हक्काची मदत

प्रथम स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून वैद्यकीय तपासणीनंतर दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्र घ्यावे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ नुसार दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे. ग्रामपंचायतीनेही स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून कोणाला काय मिळाले, हे ग्रामसभेत विचारावे. स्वतःचा व्यवसाय सुरू करण्यासाठी राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे कर्जाची चौकशी करावी.

शेतकऱ्याचा अपघातात एक हात, पाय किंवा डोळा निकामी झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून १ लाख रुपये मिळतात. त्यासाठी विलंब न करता तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटावे.

येत्या हंगामात मजुरांची जुळवाजुळव करताना आधी आपल्या ओसरीवर आणि शेजारी पाहा. तेथे बसलेल्या माणसाला दया नको, काम हवे आहे.