ओठ आपले, आवाज परका

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या थायलंडच्या सहलीत पट्टाया असतंच, आणि पट्टायातली एक संध्याकाळ बहुधा ‘अल्काझार’सारख्या, ट्रान्स कलावंतांच्या कॅबरेसाठी राखलेली असते. बसमधून उतरलेली मंडळी स्थिरस्थावर होतात, पडदा सरकतो आणि कुजबुज सुरू होते. ‘अगं, ही खरंच बाई नाही?’ ‘हात बघ ना, हात.’ ‘आणि ती डावीकडची?’ पुढचा तासभर बरेच प्रेक्षक हाच खेळ खेळत बसतात आणि रंगमंचावर चाललेलं काम त्यांच्या नजरेतून निसटतं.

ते काम कष्टाचं आहे. गाणं आधीच ध्वनिमुद्रित असतं, कलावंताने नुसते ओठ हलवायचे. ‘नुसते’ म्हणणं सोपं. सूर लागण्याआधी गायिका श्वास घेते. तो श्वास इथे छातीत दिसावा लागतो. वरच्या पट्टीत गळ्याच्या शिरा ताणल्या पाहिजेत. प, ब, म आले की ओठ मिटायलाच हवेत, मग भाषा समजो न समजो. आणि भाषा तरी किती! एकाच प्रयोगात थाई, इंग्रजी, चिनी, कोरियन, हिंदी. हिंदी गाणं लागलं की आपल्या रांगांतून शिट्ट्या येतात, आणि ओठ चुकले तर पहिल्यांदा कळतं तेही त्याच रांगांना. हे सगळं डोक्यावर पिसांचा अवजड मुकुट आणि पायात उंच टाचा सांभाळत, पुढच्या नाचाआधी विंगेत घाईघाईने पोशाख बदलत.

अशा कार्यक्रमांत हमखास दिसणारा एक प्रकार म्हणजे युगुलगीत, पण कलावंत एकच. डाव्या बाजूने गाऊन, अर्धा विग, लांब पापण्या; उजव्या बाजूने सूट आणि अर्धी मिशी. ओळ बदलली की वळायचं. तिथे चेहऱ्याऐवजी खांदे बघावेत. स्त्रीच्या ओळीला खांदा आत येतो, पुरुषाच्या ओळीला रुंदावतो. कुजबुजीतल्या प्रश्नाला यापेक्षा खट्याळ उत्तर नाही.

पट्टायात टिफनीज हे असंच कॅबरे थिएटर १९७४ साली सुरू झालं, अल्काझार १९८१ मध्ये. प्रयोग संपला की कलावंत पूर्ण वेशात बाहेरच्या आवारात उभ्या राहतात. फोटो हवा असेल तर वर बक्षिशी द्यायची. ‘अहो, जा ना, काढून घ्या एक,’ असं बायको म्हणते आणि सहलीभर बडबडणारा नवरा एकदम गप्प होतो. कलावंतांना ही लाज ओळखीची असते. एक जण सरळ त्याच्या दंडात हात घालते आणि कॅमेऱ्याकडे बघते.

रंगमंचावर आवाज परका. पडद्यावर तर अनेकदा शरीरही परकंच होतं. १९८५ च्या ‘द लास्ट साँग’ या थाई चित्रपटाची नायिका पट्टायाच्या कॅबरेतली. प्रेमात फसवणूक होते आणि ती रंगमंचावरच जीव देते. रडवायचं नाहीतर हसवायचं, या दोनच खोल्या ट्रान्स पात्रांना बराच काळ मोकळ्या होत्या. २००० साली आलेला ‘आयर्न लेडीज’ तुफान चालला. समलिंगी आणि ट्रान्स खेळाडूंचा भरणा असलेल्या लाम्पांगच्या व्हॉलीबॉल संघाने १९९६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं, त्याची ती गोष्ट. बहुतेक भूमिका मात्र पुरुष नटांच्या वाट्याला. ‘ब्यूटिफुल बॉक्सर’ (२००३) हा ट्रान्स मुएथाई खेळाडू नोंग तूमचा जीवनपट. तिची भूमिका असनी सुवान या पुरुष किकबॉक्सरने केली, आणि चांगली केली. अगदी २०१९ मध्येही एका गाजलेल्या थाई मालिकेतली ट्रान्स नायिका बायफर्न पिमचनोक या प्रस्थापित अभिनेत्रीने रंगवली. तिच्या अभिनयाबद्दल तक्रार नाही. पण ज्या देशात सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या, कॅमेऱ्याला सरावलेल्या ट्रान्स कलावंत आहेत, तिथे ‘योग्य नटी मिळाली नाही’ ही सबब टिकणारी नाही. २००४ मध्ये ‘मिस टिफनी’ आणि ‘मिस इंटरनॅशनल क्वीन’ हे दोन्ही किताब जिंकणारी पोय त्रीछदा पुढे हाँगकाँगच्या सिनेमात पोहोचली.

म्हणून २०११ चा एक प्रसंग मोलाचा. ‘थायलंड्स गॉट टॅलेंट’च्या मंचावर ट्रान्स गायिका बेल नुन्तिता आली, नाजूक आवाजात गाऊ लागली आणि मधेच धीरगंभीर पुरुषी आवाजात शिरली. परीक्षक अवाक. यावर सर्कशीसारख्या टाळ्या पडल्या, हे खरं. पण दोन्ही गळे तिचे स्वतःचे होते. कॅमेऱ्यामागेही अशीच एक वाट निघाली. ट्रान्स दिग्दर्शक तनवारिन सुक्खापिसित यांच्या ‘इन्सेक्ट्स इन द बॅकयार्ड’ या चित्रपटावर २०१० मध्ये बंदी आली. त्या कोर्टात गेल्या, २०१७ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला, आणि २०१९ मध्ये त्या निवडून येऊन संसदेत बसल्या.

कागदपत्रं मात्र अजून जुनीच. २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाला. पण नावाआधीची लिंगदर्शक उपाधी बदलू देणारं विधेयक संसदेने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळलं. त्यामुळे दर एप्रिलला सक्तीच्या लष्करभरतीला कागदोपत्री पुरुष असलेल्या ट्रान्स तरुणींनाही हजर व्हावं लागतं. वैद्यकीय तपासणीनंतर बहुतेकींना सूट मिळते. तोवर वृत्तपत्रांचे छायाचित्रकार पोहोचलेले असतात, आणि भरतीच्या रांगेतली सगळ्यात देखणी कोण यावर मथळे रंगतात. या फोटोंची बक्षिशी कुणी देत नाही.