बालवाडीतील खेळ आणि शाळेची पूर्वतयारी : खानदेशच्या संदर्भात

पहिल्या इयत्तेत येणाऱ्या बालकाची तयारी कशात असते, या प्रश्नाचे रूढ उत्तर मुळाक्षरे व अंक असे आहे. या उत्तरात खेळाला स्थान नसते. तो अभ्यासामधील विसावा मानला जातो. जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या परिस्थितीचा विचार करता हे उत्तर अपुरे ठरते. येथे तयारीचा मूळ प्रश्न अक्षरांच्याही आधी भाषेचा आहे.

खानदेशातील पुष्कळ घरांत अहिराणी बोलली जाते. रावेर-यावल भागात लेवा बोली, तर सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा व शिरपूर तालुक्यांत पावरी व भिल्ली बोली चालतात. शाळेची भाषा मात्र प्रमाण मराठी असते. अहिराणी बालकाच्या घरी 'आठे' व 'तठे' हे शब्द आहेत, शाळेत 'इथे' व 'तिथे'. घरी तो 'आंडोर' आहे, शाळेत 'मुलगा'. अशा अनोळखी शब्दांच्या गर्दीत मूल गप्प बसते आणि त्याचे मौन मतिमंदपणाचे लक्षण समजले जाते. अक्षरे घोकवून हे मौन सुटत नाही; ज्या शब्दाचा अर्थ कळलेला नाही, त्याचे अक्षर मुलाच्या लेखी केवळ एक रेघोटी असते.

खेळात याच्या उलट क्रम असतो. तेथे अर्थ कृतीतून आधी कळतो व शब्द मागाहून येतो. चिंचोका टोपलीत टाकताना सेविकेने 'आठे ठेव' आणि लगेच 'इथे ठेव' असे म्हटले, म्हणजे दोन्ही शब्द एकाच कृतीशी जोडले जातात. बाहुल्यांच्या पंगतीत प्रत्येकीपुढे एकेक भाकरी ठेवणारे मूल संख्येचे नाव शिकण्यापूर्वी एकास एक ही संगती शिकते. पोळ्यासाठी मातीचे बैल घडविणारी किंवा कपाशीतून सरकी वेगळी काढणारी बोटे पुढे लेखणी धरण्यास समर्थ होतात. भुलाबाईच्या उत्सवात झाकलेला खाऊ ओळखण्याचा जो खेळ चालतो, त्यात गोड की तिखट, कोरडा की ओला असे प्रश्न विचारून निष्कर्ष काढावा लागतो. वर्गीकरणाचा हा उत्तम पाठ होय.

हा विचार नवा नाही. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीत खेळावर आधारलेली बालशाळा काढली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साथीने हे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शंख-शिंपले, पाने व माती यांचीच साधने झाली. मुले बालवाडीकडे येत नाहीत असे दिसताच बालवाडी त्यांच्या अंगणात नेण्यात आली. साधन परिसरातून घ्यावे आणि शिक्षणाने मुलापर्यंत जावे, ही या प्रयोगाची शिकवण खानदेशासही तंतोतंत लागू पडते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली आणि अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणास स्थान मिळाले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून खेळ व घरची भाषा या दोहोंना मान्यता दिली. तथापि धोरणाचा शब्द अंगणवाडीच्या ओट्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. मुलाने पाटीवर काहीतरी लिहून घरी यावे, ही पालकांची अपेक्षा रास्त आहे. तिची टर उडवून भागणार नाही. खेळातून मूल काय शिकले, हे त्यांना दाखविता आले पाहिजे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मुलांना मोकळे सोडून देणे म्हणजे खेळातून शिक्षण नव्हे. साधनांची निवड, खेळांचा क्रम व निरीक्षणाची नोंद ही सेविकेची कामे आहेत आणि त्यांसाठी प्रशिक्षण लागते. सेविकेने बालकाची बोली चुकीची ठरवून दुरुस्त करू नये. तिच्या शेजारी प्रमाण शब्द ठेवावा. घरच्या शब्दाला मान मिळाला, तरच मूल शाळेचा शब्द उच्चारण्याचे धाडस करते. पहिल्या इयत्तेच्या उंबरठ्यावर किती अक्षरे येतात यापेक्षा मूल न भिता बोलते की नाही, हीच पूर्वतयारीची खरी कसोटी होय.