गाळ बसला, तरच पाणी सुटले

मुंबईतल्या सात नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची चर्चा खर्च आणि मुदत यांच्यापुढे सरकत नाही. जानेवारी २०२३मध्ये भूमिपूजन झालेल्या या केंद्रांची एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर. ती प्रत्यक्षात उतरणार की नाही, हे मात्र पाणी किती नीट निवळते यावर ठरेल.

निवळण्याचे मर्म अमेरिकी अभियंता ॲलन हेझन यांनी १९०४मध्येच मांडले. टाकी दुप्पट खोल केली, तर पाणी दुप्पट वेळ थांबते खरे. पण कणालाही दुप्पट खाली जावे लागते. म्हणजे सुट्या कणांच्या बाबतीत हाती काहीच लागत नाही. महत्त्व आहे ते टाकीच्या पसाऱ्याला. रोज १,००० घनमीटर पाणी ४० चौरस मीटरच्या टाकीत सोडले, तर तासाला साधारण एक मीटरहून वेगाने बुडणारा कणच खात्रीने तळ गाठतो. पाणी वाढले की बारीक कण कडेवरून बाहेर जातात. म्हणूनच जागेत काटकसर केलेली टाकी पावसाळ्यात उघडी पडते.

खरी कसोटी दुसऱ्या टप्प्यावर लागते. विरघळलेली घाण आपोआप खाली बसत नाही. ती जिवाणूंना खाऊ घालावी लागते. १९१४मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी सांडपाण्याला हवा दिल्यानंतर खाली बसलेला गाळ फेकला नाही, तर पुढच्या पाण्यात पुन्हा वापरला, आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आजही बसलेल्या गाळाचा मोठा भाग हवेच्या टाकीत परत जातो. त्यात तंतुमय जिवाणू माजले, तर गाळ फुगतो, बसत नाही आणि शुद्ध झालेल्या पाण्याबरोबर थेट खाडीत जातो. हवा देणे आणि निवळणे एकाच टाकीत आळीपाळीने करणाऱ्या केंद्रांनाही यातून सुटका नाही.

हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. हवेच्या टाकीतले पाणी एक लिटरच्या नळकांड्यात भरायचे, अर्धा तास हलवायचे नाही आणि गाळ कुठवर बसला ते पाहायचे. ही चाचणी केंद्रांत होतेच. तिची रोजची नोंद नागरिकांसमोर ठेवायला काय हरकत आहे? नगरसेवकांना क्षमतेचा आकडा विचारून थांबू नका; बाहेर पडणाऱ्या पाण्यात गाळ किती आहे, हेही विचारा.